उसवलेला नेफा

१

सकाळी ऑफिसात पाय ठेवला, तर माझ्या टेबलासमोर शिंपीणबाई येऊन बसलेल्या. मी खुर्चीत टेकायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, माझा मुलगा चोरीला गेला."

दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला मुलगा आता चोरीला कसा जाईल, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या बॅनरबद्दल बोलत होत्या.

शहरातल्या दिव्यांच्या खांबांवर काय टांगायचं आणि काय नाही, हे मी ठरवते. पाटीवर 'फलक निरीक्षक' असं लिहिलंय. ऑफिसातले लोक मागून मला 'उतरवाबाई' म्हणतात, कारण पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि क्लासवाल्यांचे गुणवंत उतरवण्यातच माझा जन्म चाललाय. म्हणोत बापडे. तर या शिंपीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना सरळ वाटेला लावलं होतं. खांबावर खासगी मजकूर चालत नाही, मुलगा हरवला असेल तर भिंतींवर कागद चिकटवा, असं सांगितलं. त्या गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या. त्यानंतरही येत राहिल्या. शेवटी मी वैतागून विचारलं, खांबच कशाला हवा? तर म्हणाल्या, "तो चालताना वर बघतो, मॅडम. लहानपणापासून. किती ठेचा खाल्ल्या त्यापायी. भिंतीवरचं त्याला दिसायचं नाही."

मी साहेबांच्या डोक्यावर बसून 'जनहित' या सदरात परवानगी काढून दिली. बाजाररस्त्यावरचे चार खांब, मुदत एक महिना. बाईंनी सगळ्या अटी निमूट पाळल्या. बॅनरची खालची कड ट्रकच्या टपाच्या वर हवी, वारा जायला कापडाला चिरा हव्यात, टांगणारा परवानाधारक हवा. छापखान्याने कापड नुसतं छापून दिलं होतं. वरचा आणि खालचा नेफा, म्हणजे दांडी सरकवायची ती पट्टी, बाईंनी आपल्या मशीनवर स्वतः शिवली. मरून दोरा, दुहेरी टीप. मी ओढून पाहिली होती, हत्ती बांधला तरी सुटली नसती.

बॅनरवर मुलाचा फोटो होता आणि खाली दोनच शब्द, 'घरी ये'. नमुना पाहताना मी एक खोड काढली होती. मुलाच्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं दिसत होती, बाकीचा माणूस कापून टाकलेला. छापखान्याला सांगून ती बोटं पुसून घ्या, म्हटलं. तर बाई म्हणाल्या, "असू दे. जागा खात नाहीत ती."

आणि आता ते चारही बॅनर एकाच दुपारी गायब झाले होते.

२

मी ठेकेदाराला घेऊन बाजाररस्त्यावर गेले. हा आमचा टांगणीचा ठेकेदार, तोंडाने फाटका आणि कामाला चोख. त्याच्यावर माझा पहिला संशय होता, हे मी लपवत नाही. बॅनर गेले की पुन्हा टांगायचं काम त्यालाच मिळणार ना.

तो शिडी लावून वर चढला आणि वरूनच हसायला लागला. लोखंडी दांड्या जागच्या जागी होत्या. त्यांच्या टोकांचे बोल्ट कुणी हातही न लावल्यासारखे घट्ट. फक्त कापड नव्हतं.

मी म्हटलं, मग ब्लेडने कापून नेलं असेल. तो म्हणाला, कापलं असतं तर नेफा दांडीवरच राहिला असता, बांगडीसारखा. इथे कापडाची चिंधीसुद्धा नाही. मग त्याने दांडीवरून काहीतरी चिमटीत उचललं आणि खाली आणून माझ्या तळहातावर ठेवलं. मरून दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे होते ते.

"माझी पोरं असती तर पान्याने बोल्ट सोडून मिनिटात मोकळी झाली असती," तो म्हणाला. "हे कुणीतरी वर बसून टाका टाका उसवलंय. एवढा वेळ कुणाला आहे हो?"

त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते मला आवडलं नाही. माझ्या हातातला सगळ्यात सोयीचा चोर निसटला. जाता जाता त्याने दोन नावं मात्र पुढे केली. एक, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. बॅनरने आपली पाटी झाकली म्हणून तो बोंबलत होता. आणि दुसरे बाईंचे सख्खे भाऊ. बॅनर टांगत होते त्या दिवशी ते रस्त्यात उभे राहून ठेकेदाराच्या पोरांना उतरा खाली म्हणून ओरडत होते म्हणे.

३

मामांचं हार्डवेअरचं दुकान होतं. मुलाचे मामा, म्हणून बाजारात सगळेच त्यांना मामा म्हणत. मी आत गेले तेव्हा ते गुडघ्याला पट्टा बांधून स्टुलावर बसले होते. मी कोण हे कळताच त्यांचा पारा चढला.

मी काही विचारायच्या आधीच सांगून मोकळे झाले. बॅनर मला नको होते. परवानगी दिलीत ती चूक केलीत. ताई रोज संध्याकाळी मशीन सोडून त्या खांबांखाली जाऊन उभी राहते, येणारे जाणारे कुजबुजतात, आणि मला दुकानात बसून ते ऐकावं लागतं. हाताला लागले असते तर मीच फाडले असते. पण या गुडघ्याने मी माझ्या माळ्यावर चढू शकत नाही, तुमच्या खांबावर काय चढणार?

पट्टा खोटा नव्हता. गुडघा सुजून भोपळा झाला होता. मी उठणार इतक्यात त्यांचा आवाज उतरला.

"तुम्हाला तिने धाकट्याचं सांगितलंय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. मुलं दोन होती, हेच मला ठाऊक नव्हतं. मामांनी एक खिळा उचलला आणि बोलून होईपर्यंत तोच बोटांत फिरवत राहिले. दोघे भाऊ मोटरसायकलवरून येत होते. थोरला चालवत होता. वळणावर खडी होती. थोरल्याला साधं खरचटलंही नाही आणि धाकटा दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही. थोरला सगळं आटपेपर्यंत थांबला आणि मग एका सकाळी नेसत्या कपड्यांनिशी निघून गेला. कुठे, कसा, काही पत्ता नाही.

"मला विचाराल तर तोही गेला," मामा म्हणाले. "कुठल्यातरी विहिरीत, नाहीतर रुळावर. ताईला हे सांगायची माझी हिंमत नाही. तुम्ही सरकारी माणूस आहात, तुम्हीच सांगा एकदाचं."

माझ्या कामात असलं काही बसत नाही, असं मी म्हटलं खरं. पण बाहेर आल्यावर दुकानाच्या पायरीवर जरा उभी राहिले.

४

चष्मेवाला म्हणजे तुळतुळीत टकलाचा, गोड बोलणारा गृहस्थ. आलात तसे डोळे तपासून देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, माझे डोळे चांगले आहेत, तुमची पाटी दिसते मला. ती आता खरंच दिसत होती. हा मोठा लाल चष्मा, समोरचा खांब मोकळा झाल्यामुळे पार चौकातून दिसणारा.

दुकानाच्या बाजूच्या बोळात ॲल्युमिनियमची लांब शिडी आडवी टेकवलेली होती. पाटी पुसायला ठेवलीय, तो म्हणाला. कुलूप नाही, साखळी नाही. शिडी लख्ख पुसलेली होती, पण पाटीवर मात्र धूळ जमली होती. मी त्याला म्हटलं, मागची खोली उघडा.

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. खोलीत काचांचे खोके होते आणि खोक्यांवर कापडाचा एक गठ्ठा. मी वरची घडी उलगडली. फोटोतला तो मुलगा माझ्याकडे बघत होता.

चारही बॅनर तिथे होते. मी फोन बाहेर काढला, पोलिसांचा नंबर लावायला.

५

"अहो मॅडम, तुमच्याच माणसाने दिलेत ते," चष्मेवाला म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

कुठला माझा माणूस? केशरी जाकीटवाला, तो म्हणाला. भरदुपारी आला, काका शिडी देता का म्हणाला. टोपी, नाकावर फडकं, तरुण पोरगा. ऑफिसचाच असणार म्हणून दिली. आपली पाटी मोकळी होतेय तर कोण नाही म्हणेल? चारही खांब त्याने भर बाजारात उतरवले आणि एकाही माणसाने त्याला हटकलं नाही. खरंच आहे ते. केशरी जाकीट घालून शिडीवर चढलेला माणूस कुणाला दिसतच नाही. मग त्याने बॅनर घड्या घालून आणून दिले, ऑफिसला पोचवा म्हणाला, शिडी पुसून जागेवर ठेवली आणि गेला. पोचवायचं मात्र चष्मेवाल्याच्या जिवावर आलं होतं.

"एकच सांगतो," तो म्हणाला. "या माझ्या समोरच्या खांबावर तो फार वेळ होता. नुसता बसून. मला वाटलं सरकारी माणूस, वेळ काढतोय."

आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणाला उतरवायला पाठवलेलं नव्हतं. उतरवायचे हुकूम मीच काढते. आणि आमची जाकिटं पिवळी असतात.

मी गठ्ठा काउंटरवर घेऊन एकेक बॅनर उलगडला. घड्या बघण्यासारख्या होत्या. कडेला कड, मग तिहेरी, शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला देताना घालतात तशा. नेफ्याचे टाके सगळे उसवलेले होते, कापडाचा एक धागाही न तुटता. तीन बॅनर शाबूत होते. चौथ्याला खांद्यापाशी एक चौकोनी भोक होतं.

चेहरा तसाच होता, 'घरी ये' तसंच होतं. गेली होती ती फक्त चार बोटं. मी फोन परत पर्समध्ये टाकला. पोलिसांना न बोलावताच मी गठ्ठा उचलून निघाले.

६

शिंपीणबाईंचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्या पोटातलं स्वयंपाकघर. मशीन खिडकीशी होतं. मी गेले तेव्हा त्या कुणाच्या तरी पँटची मुडप हाताने घालत होत्या, आणि सुईत दोरा जात नव्हता म्हणून स्वतःवरच चिडल्या होत्या. मी सुई घेतली आणि ओवून दिली.

"पूर्वी दोघं भांडायची, आज कोण ओवणार म्हणून," त्या म्हणाल्या. "मला कधी चष्मा लागलाच नाही त्यांच्यामुळे."

गठ्ठा पाहून त्या उठल्या. मी त्यांना बसवलं. ठेकेदाराने बोल्ट सोडला असता, चष्मेवाल्याने ब्लेड मारलं असतं, तुमच्या भावाला चढताच येत नाही, असं एकेक सांगत गेले. जो चढला त्याला नेफा उसवता येतो. शिवलेल्या कपड्याची घडी घालता येते. शिवणाऱ्याच्या घरात वाढलेला आहे तो. मग मी चौथा बॅनर त्यांच्या मांडीवर पसरला.

त्यांनी त्या भोकात आपला हात घातला आणि तसाच ठेवला.

"ही बोटं कुणाची होती?" मी विचारलं.

"धाकट्याची."

"बाजारातल्या कुणाला ती हवी असतील का, बाई? कुणाला ठाऊक तरी होतं का ती कुणाची ते?"

त्यांनी मान हलवली. बाकीचं मला बोलावं लागलं नाही. त्या खाली बघत होत्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. मग भोकातला हात काढून घेत, "वाचलंय त्याने. वाचूनही आला नाही."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. केशरी जाकिटं कोण घालतं ते हुडकू, दुकानांवर ताडपत्र्या बसवणारे घालतात, दोन दिवसांत माणूस काढून देते, असलं काहीतरी. माझा उत्साहच तो. त्यांनी माझा हात धरला आणि नको म्हणाल्या. माझ्यापासून लपलाय तो. हुडकलंत तर आणखी लांब जाईल.

मग त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या बोळात थोरला त्यांच्यासमोर उभा होता, अंगावर ओरखडा नाही. आतून डॉक्टर येऊन सांगून गेले होते. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मी म्हटलं, त्याच्याऐवजी तू का नाही गेलास. पोटच्या पोराला म्हटलं, मॅडम. एकदाच म्हटलं. तो 'हो' म्हणाला."

शिंपीणबाई रडत नव्हत्या. मी ओवून दिलेली सुई त्यांनी घेतली आणि मुडप पुढे शिवायला लागल्या. मला उगाच काहीतरी बोलायचं होतं म्हणून म्हटलं, डोळे तपासून घ्या, चष्मेवाला माणूस वाईट नाही.

७

त्यांनी चोरीची तक्रार मागे घेतली आणि नवा अर्ज दिला. या वेळी एकच खांब, चष्मेवाल्याच्या समोरचा. तिथे तो बसला होता ना, म्हणाल्या.

नवा बॅनर त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला. फोटो तोच, पण न कापलेला. दोघे भाऊ, धाकट्याचा हात थोरल्याच्या खांद्यावर, दोघं कशालातरी हसताहेत. खाली लिहिलं होतं, 'मी बोलले ते खोटं होतं. आई.'

मी सवयीने नेफा ओढून पाहिला आणि तो माझ्या हातात सुटायला लागला. नुसता धावदोरा होता, लांब लांब टाक्यांचा.

"कच्चं आहे हे," मी म्हटलं. "वाऱ्याने कुणाच्या डोक्यावर आलं तर माझी नोकरी जाईल."

"त्याला उसवायला त्रास नको," त्या म्हणाल्या. "न्यायचा असेल तर पटकन नेता यावा. वर फार वेळ बसला की मला भीती वाटते."

मी सही केली. 'शिलाई तपासली' या ओळीसमोरसुद्धा केली. चष्मेवाल्याला बजावून आले, तो आला की आधी मला फोन करायचा.

फोन आला नाही. बॅनर तसाच होता. मी रोज वाकडी वाट करून बघून येत होते, आणि बाई खांबाखाली भेटत होत्या. त्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. मग एक दिवस सकाळपासून वारा सुटला, खांबाखालून शाळेची मुलं जात होती आणि माझा धीर सुटला. ठेकेदाराला सांगितलं, तो बॅनर आत्ताच्या आत्ता उतरव.

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "मॅडम, कच्चा कोण म्हणतं याला? हाताची उलटी टीप आहे, वर खाली दोन्हीकडे. माझा माणूस लोंबकळला तरी सुटणार नाही."

मग राहू दे वरच, असं त्याला सांगून मी तशीच चष्मेवाल्याकडे गेले. मला पाहून तो काउंटरमागून बाहेर आला. काल दुपारी आला होता तो पोरगा, म्हणाला. शिडी मागितली, वर गेला, बॅनर वाचला. मी फोन उचलला होता, पण त्याने वरून पाहिलं. काका, मी जाईपर्यंत थांबा, म्हणाला, आणि तो गेल्यावर फोन करायची मला लाजच वाटली. मग खिशातून सुई काढली. मला वाटलं उसवतोय. तो शिवत होता.

"काही बोलला?"

"उतरल्यावर विचारलं, आई बरी आहे का. मी म्हटलं, बरी आहे, चष्मा लागलाय. तर म्हणाला, मग सुईत दोरा कोण ओवून देतं? मला काय माहीत? तो तिथे पायरीवर बसला आणि जेवढ्या सुया होत्या त्याच्याकडे तेवढ्या सगळ्या ओवल्या. द्या म्हणाला." चष्मेवाल्याने खणातून चष्मा पुसायचं पिवळं फडकं काढलं. त्यात सुया ओळीने टोचलेल्या होत्या, प्रत्येकीत हातभर मरून दोरा. "घरी का जात नाही असं मी विचारलं, मॅडम. खरंच विचारलं. तो म्हणाला, आई खोटं बोलत नाही कधी."

ते शेवटचं मी बाईंना सांगितलं नाही. फडकं मात्र तसंच नेऊन दिलं.

त्यांनी ते मशीनच्या फळीवर उघडलं आणि एकेका दोऱ्यावरून बोट फिरवलं. दोऱ्यांच्या टोकांना गाठीसुद्धा मारलेल्या होत्या. बॅनर उतरवायला लावू नका, एवढंच मला म्हणाल्या. नाही लावणार, म्हटलं. मुदत कधीचीच संपली आहे आणि तो अजून तिथेच आहे. ऑफिसात विचारलं तर काय सांगायचं ते मी बघेन.

परवा त्यांच्याकडे माझ्या ब्लाउजचं काम टाकायला गेले. फडकं अजून फळीवरच होतं, सुया सगळ्या भरलेल्या. आणि त्या नाकावर चष्मा चढवून, जीभ दातांत धरून दुसऱ्याच एका सुईत दोरा घालायची झटापट करत होत्या.

मी म्हटलं, "वापरा की त्या. संपल्या की तो पुन्हा ओवून देईल."

त्यांनी वर पाहिलं नाही.

"आणि नाही दिल्या तर?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातली सुई घेतली आणि ओवून दिली.